अडीच लाखांची रेघ

मा. संपादक,
स. न.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘त्यांना किती, आम्हाला किती’ यावर घसरते. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मी बरीच वर्षं काढली. फॉर्म तपासणं, त्रुटी काढणं, पोरांना पुन्हा तहसीलला पाठवणं हेच काम. तिथं जे पाहिलं त्यावरून लिहितो आहे.

एक वडील आले होते, नगरपालिकेत सफाई कामगार. मुलगी बी.एस्सी.ला, राहायला वसतिगृहात. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा होता 2,58,000. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. फी फ्रीशिपमधून, म्हणजे मर्यादेच्या वरच्या घरांसाठीच्या फीमाफीतून, माफ झाली, पण वर्षाचा 6,000 रुपयांचा निर्वाह भत्ता गेला. त्यांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘भाऊसाहेब, माझा महागाई भत्ता वाढला म्हणून पोरीचा भत्ता बंद झाला का?’’ उत्तर ‘हो’ असंच होतं. ते मला तोंडावर देववलं नाही.

ही अडीच लाखांची मर्यादा 2013 ची आहे. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ ती जागची हलली नाही. पगार, भाडं, मेसचा दर सगळं वाढलं. याच काळात आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी 2019 मध्ये 8 लाखांची मर्यादा ठरली, आणि खुल्या वर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही 8 लाखच. खुल्या वर्गातल्या गरिबाला मदत मिळाली याचा मला आनंदच आहे. पण 7 लाख उत्पन्नाचं घर एका योजनेत गरीब ठरतं आणि गटारात उतरणाऱ्या माणसाचं 2,58,000 चं घर दुसऱ्या योजनेत गरीब ठरत नाही, हा न्याय मला कुणी समजावून सांगावा.

त्याच खिडकीवर खुल्या वर्गातले कोरडवाहू शेतकरी बापही यायचे. ‘‘त्यांची पूर्ण फी माफ, आमच्या पोराची अर्धीच का?’’ त्यांच्या रागात खोट नव्हती. उरलेल्या अर्ध्या फीसाठी दागिने गहाण पडलेले मी पाहिलेत. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत 8 लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची पूर्ण फी माफ झाली, हे चांगलंच झालं. मुलांचं काय, हा प्रश्न आहेच. पण त्याचं उत्तर दुसऱ्याच्या ताटातलं काढून मिळणार नाही. फी इतकी का वाढली, हे त्या बापानं आणि सफाई कामगारानं मिळून विचारायला हवं.

अल्पसंख्याकांच्या बाबतीत तर दिलेलंच काढून घेतलं. केंद्रानं 2022 मध्ये पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षण मोफतच आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून वर्षाला 1,000 रुपये मिळत. वह्या, चपला, रिक्षाभाडं कायद्यात मोफत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही थांबवली, इतर योजनांशी ती दुहेरी होते म्हणून. बागवान, अत्तार, मोमीन हे आपल्याकडे ओबीसीत आहेत, त्यांना दुसरा दरवाजा तरी आहे. ज्या मुस्लिम मुलाकडे कुठलाच जातीचा दाखला नाही, त्याची फेलोशिप दुहेरी कशी? आणि या फेलोशिपमध्ये बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशीही होते, हे ती बंद झाल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं?

समाजासमाजाला वेगळी मदत दिली की फूट पडते, असं सांगणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरला जाऊन यावं. शाहू महाराजांनी 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या बोर्डिंगला हात दिला. ज्याची अडचण जशी, तशी मदत. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते मात्र सरसकट सगळ्यांसाठी.

माझी मागणी साधी आहे. निर्वाह भत्त्याची उत्पन्न मर्यादा सगळ्या प्रवर्गांना 8 लाख करा आणि ती दरवर्षी महागाईबरोबर वाढू द्या. जातीमुळे जास्त सोसावं लागलेल्यांना रक्कम जास्त द्या, त्यात काही चूक नाही. बंद केलेली मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पुन्हा सुरू करा. आणि भत्ता परीक्षेच्या आधी खात्यावर जमा करा. निकालानंतर आलेल्या पैशांतून गेल्या वर्षीची मेस भरता येत नाही.

आपला,
एक निवृत्त लिपिक