पकडापकडीपेक्षा तोंडी परीक्षा घ्या

महोदय,

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतली कृत्रिम बुद्धिमत्ता पकडायची कशी, यावर महाविद्यालयांत सध्या बराच खल चालू आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की 'चॅटजीपीटी' बनवणाऱ्या खुद्द 'ओपनएआय' कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. शिवाय उचलेगिरी काही आजची नाही. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगसह तयार प्रकल्प मिळत. पहिल्या पानावरचे नाव तेवढे बदलायचे. त्यावर सह्या होऊन गुणही पडत!

प्रकल्प हवा त्याच्या मदतीने लिहू द्या, पण नंतर विद्यार्थ्याला दहा मिनिटे समोर बसवा. हा तक्ता काय सांगतो? हा आकडा कुठून आला? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गावच्या आठवडी बाजारातले कांद्याचे भाव महिनाभर टिपून आणायला सांगा. यंत्र भाव रचून देईलही, पण कोणत्या आठवड्यात भाव का पडला, या प्रश्नाला बिंग फुटते.

खरी अडचण वेळेची आहे. साठ जणांच्या वर्गाला दहा तास लागतात. प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचेच. तोंडी परीक्षेचे तासही त्यात धरावेत, असा आदेश उच्च व तंत्रशिक्षण विभागाने काढावा. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे पैसे तिकडे वळवता येतील.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा