शंका आमच्याही मनात असते

अवयवदान नातेवाइकांच्या नकारामुळे अडते, असे सांगणारा आपला लेख वाचला. पण नकाराची सुरुवात कधीकधी आमच्यापासूनच होते, हे अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केलेली परिचारिका म्हणून सांगावेसे वाटते. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात कोमट असतो. ‘सिस्टर, श्वास तर चालू आहे ना?’ असे आई विचारते, तेव्हा मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबून श्वास केवळ यंत्रावर चालणे, हे स्वतःलाच नीट न उमगलेली परिचारिका नजर चुकवते. मीही चुकवली आहे. आई मग काय समजायचे ते समजते.

वास्तविक १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी ४ डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि त्यात प्रत्यारोपण करणारा एकही डॉक्टर नसतो. ‘अवयवांसाठी घाई तर होत नाही ना?’ या शंकेचे उत्तर याच तरतुदीत आहे. आम्हाला ते कोणी सांगितलेच नव्हते. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांपासून खासगी रुग्णालयांपर्यंत प्रत्येक अतिदक्षता विभागातील परिचारिका, वॉर्डबॉय यांना हे समजावून सांगितले जावे, रात्रपाळीतल्यांनाही. ती आई बहुतेकदा रात्रीच विचारते.

– एक निवृत्त परिचारिका, नागपूर