नऊ झालेत, एक हवा

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

मोबाईल भरला म्हणून परवा धाकटी माझे जुने मेसेज पुसत बसली होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, ह्या चार बायका कोण? ह्यांच्या कोविडच्या लसीचे मेसेज तुमच्या नंबरवर कसे?" हिने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं की तुमचे आभार मी कधी धड मानलेच नाहीत. म्हणून हे पत्र. बोलतोय मी, टाइप धाकटी करतेय. वस्तीत घरोघर आरोग्याचं काम करणारी 'आशा', एवढंच लिहितो; तुमचं नाव घालत नाही, नाहीतर पुढच्या वेळी दळणाचा डबा ठेवताना माझी खरडपट्टी काढाल.

जनता वसाहतीत पिठाची गिरणी चालवणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. दळण होईपर्यंत माणसं थांबतात, चक्कीवर आवाज चढवून बोलतात, आणि इथे सकाळी बोललेलं दुपारपर्यंत पर्वतीच्या उतारावरच्या शेवटच्या घरात पोचतं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे घेऊन तुम्ही आलात. एका हातात ताप बघायची बंदूक, दुसऱ्यात ऑक्सिमीटर. मी काट्यावरची नजर न काढता म्हणालो, "लिहा, सगळे ठणठणीत." तुम्ही लिहिलं नाहीत. "आजींचं बोट द्या," म्हणालात.

१२ जानेवारी २०२१ ला हडपसरला लस बनवणाऱ्या सीरममधून लशीचे ट्रक पूजा करून निघाले, ते मी टीव्हीवर पाहिलं. दिवसभर गिरणीत मिरवलं, आपल्या पुण्याची लस म्हणून. हडपसर इथून बसने तासाभरावर. पण १ मार्चला साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आईला मी नेलं नाही. म्हटलं, गर्दीत नको, जरा बघू दुसऱ्यांना काय होतंय. घरात म्हणालो असतो तर घरापुरतं राहिलं असतं. मी ते गिरणीत म्हणालो. जो डबा घेऊन येईल त्याला, दिवसातून वीस वेळा: "थांबा जरा, बघू."

तुम्ही तीन फेऱ्या मारल्यावर एप्रिलमध्ये एकदाचा आईला घेऊन केंद्रावर गेलो, तर दाराला कागद चिकटवलेला. लस संपली. आई म्हणाली, "बरं झालं, माझा हात वाचला." मीही हसलो. सहाव्या दिवशी मला ताप आला, आठव्या दिवशी तिला.

ते दिवस पुन्हा काढत नाही. सिंहगड रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली नाही असा तास सापडायचा नाही. पण एक गोष्ट मला अजून दिसते. तुम्ही नळकोंडाळ्याशी उभ्या राहिलात, मोबाईलवर सहा मिनिटं लावलीत आणि आईला म्हणालात, "आजी, इथपासून गिरणीपर्यंत जायचं नि परत यायचं. घाई नाही." पदर खोचून आई निघाली. बसल्या जागी ऑक्सिजन ९५ होता. फेऱ्या झाल्यावर तिच्या बोटाला लावलेल्या त्या चिमट्यात ८९ दिसला. मी म्हणालो, बोट गार असेल. तुम्ही ते चोळून पुन्हा लावलंत. ८९. "तीनपेक्षा जास्त उतरला काका, हिला घरी ठेवायचं नाही." तिला ना धाप लागली होती ना काही. मी एकटा असतो तर आलं घालून चहा दिला असता आणि झोपवलं असतं. बेड मिळायला रात्रीचे पावणेबारा झाले, तोवर तुमचा फोन कानालाच होता. अकरा दिवसांनी आई परत आली. आल्या आल्या विचारलंन्, "माझ्या ज्वारीवर कुणाचा गहू नाही ना टाकलास?"

आमच्या गल्लीतले दोघं परत आले नाहीत. त्यातल्या एकांना मी गिरणीत उभं राहून काय सांगितलं होतं ते माझ्या लक्षात आहे. तुम्ही तेव्हा तिथेच होतात, म्हणजे तुमच्याही असणार. इतक्या वर्षांत तुम्ही तो विषय एकदाही काढला नाहीत. रागाच्या भरातसुद्धा नाही. आभार मानायचे ते आधी ह्याचे.

जूनमध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या. तेव्हाही माझी जीभ स्वस्थ बसली नाही, "ह्यांना आता कसला संप" म्हणालो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये मिळतात. तुम्ही गेल्यावर मी हिशेब केला. दिवसाचे तेहतीस रुपये, म्हणजे माझ्याकडचं पाच-सहा किलोचं दळण.

संप मिटला आणि एका संध्याकाळी तुम्ही येऊन म्हणालात, "काका, सात ते नऊ मी इथे बसले तर चालेल?" मला वाटलं सावली हवी असेल, पंखा हवा असेल. तुम्हाला माझं गिऱ्हाईक हवं होतं. वर म्हणालात, "लोक माझं ऐकून घेतात, पण विश्वास तुमच्यावर ठेवतात. थांबा म्हणून तुम्हीच सांगितलंत, आता जा म्हणूनही तुम्हीच सांगा." दुसरी कुणी असती तर माझ्या गिरणीसमोर माझीच शोभा केली असती.

त्या दोन महिन्यांत मला कळलं की सुईला भिणारे थोडेच होते. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांना ताप आला तर खाडा पडेल, ही भीती. खाडा म्हणजे पैसे कापले. एकीला वाटायचं आधार कार्ड दिलं की रेशन बंद होईल. आणि कितीतरी जणींची अडचण इतकी साधी, की ती मला आधी सुचलीही नव्हती: नोंदणीला मोबाईल नंबर लागायचा, आणि घरातला एकुलता मोबाईल सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जायचा. एका नंबरवर चौघांचीच नोंद व्हायची, तुमचा नंबर केव्हाच भरलेला. मग तुम्ही माझा मागितलात. त्या ह्या चार बायका.

लस घेतली की अंगाला नाणी चिकटतात, तो व्हिडिओ आठवतो? एक पोरगा गिरणीत तो दाखवत होता. मी घामेजलेल्या दंडावर रुपया लावला, वरून पिठाचा हात फिरवला. चिकटला. मला तर तेव्हा लस मिळालीच नव्हती, आजारातून उठलेल्यांना तीन महिने थांबायचं होतं. तुम्ही इतक्या हसलात की मास्क खाली आला. लगेच वर केलात.

हिची टेस्ट निगेटिव्ह आली होती, त्यामुळे हिला थांबायचं कारण नव्हतं, तरी ही आज-उद्या करत होती. एके दिवशी दुपारी साडेतीनला तुमचा फोन आला. "काका, नऊ झालेत, एक हवा." मला काही कळेना. मग सांगितलंत की एका कुपीत दहा डोस असतात आणि एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेली फेकून द्यायची. सिस्टर कुपी फोडायला तयार नाहीत, आणि त्या नऊ जणी उठून गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत. ही तेव्हा बाजरी चाळत होती. चाळणी तशीच ठेवून, कोपरापर्यंत पिठाचे हात घेऊन गेली. दंड पुसताना सिस्टरने म्हणे विचारलं, "हे काय लावून आलात?" रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी पोळ्या मी केल्या. त्यांचा आकार इथे सांगायला नको.

ऑक्टोबरात लसीकरणाची 'कवच कुंडल' मोहीम आली तेव्हा गिरणीच्या दारावर कागद मीच लावला. अक्षर माझं असल्यामुळे निम्म्या लोकांना वाचता आला नाही आणि ते आत येऊन विचारायचे. तुम्ही म्हणालात, उत्तम, असंच राहू दे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, ती बातमी मी तुम्हाला सांगितली. तुम्ही डबा काट्यावर ठेवत म्हणालात, "हो का? बारीक दळा हं, मागच्या वेळी भरड आलं होतं." दगडाला टाकी लावायची राहिली होती, हे आज कबूल करतो.

आता कामाचं. धाकटीने त्या चौघींचे मेसेज नीट लावून पाहिले. तिघींचे दोन्ही डोस दिसतात. चौथीचा, परभणीकडच्या त्या बाईंचा, दुसरा दिसत नाही. दोन डोसांमधले ८४ दिवस व्हायच्या आतच त्या गावी गेल्या होत्या. तिकडे दुसऱ्या नंबरवर घेतला असेल. तुमच्याकडे काही पत्ता असेल तर तेवढं विचारून सांगा, तोवर तो मेसेज मी पुसू देत नाही.

आईचा आशीर्वाद. हिचा नमस्कार.

तुमचा,
गिरणीवाला काका

ता. क. तुमची बाजरी दळून ठेवली आहे. बारीक. पैसे काट्याखाली ठेवून पळू नका.