रिबेराच्या अम्लरेखनाचा विसर

महोदय,

बरोक कलेवरील (सतराव्या शतकातील युरोपीय कलाशैली) आपल्या लेखात तैलचित्रांचा परामर्श उत्तम घेतला आहे; मात्र नेपल्समध्ये स्थायिक झालेल्या हुसेपे दे रिबेरा या स्पॅनिश चित्रकाराच्या १६२४ मधील ‘संत बार्थोलोम्यूचे हौतात्म्य’ या अम्लरेखनाचा (एचिंग) साधा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटले. मेणाचा लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटून आम्लाने कोरलेल्या त्या रेषांत, झाडाला बांधलेल्या वृद्ध संताच्या हाताची कातडी मारेकरी सुरी दातांत धरून सोलताना दिसतो. मारेकऱ्याचा रोजच्या कामासारखा निर्विकारपणाच अधिक अंगावर येतो. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेला बार्थोलोम्यू हिंदुस्थानात आल्याची परंपरा प्राचीन ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसने नोंदवली आहे आणि काही अभ्यासक ते ठिकाण (वादग्रस्त का होईना) आमचे कल्याण मानतात. निदान तेवढ्यासाठी तरी या चित्राला आपल्या पुरवणीत जागा द्यावी.

– एक वाचक, कल्याण