पाचवा दिवस कुणाच्या खात्यावर?

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नव्या नोकरीचं सांगितलंस, आठवड्याला चारच दिवस काम, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग शुक्रवारी काय, झोपा काढणार?" तू गप्प झालीस. तेव्हापासून ते वाक्य मलाच टोचतंय.

मी तीस वर्षं हिशेबखात्यात काढली, सोमवार ते शनिवार. महिनाअखेरीला ताळा जुळल्याशिवाय उठायचं नाही, हा शिरस्ता. फरक आला की आधी त्याला नऊने भाग जातो का बघायचं. गेला तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेले असायचे, ५४ चे ४५ झालेले. मग एकेक पान मागे चाळत जायचं. एकदा रात्री साडेनऊला चूक सापडली. अक्षर माझंच, आणि नोंद आदल्या दिवशीची, अगदी शेवटची, उठता उठता केलेली. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. रात्र जागवणाऱ्या बहुतेक चुका पानाच्या तळाशीच, संध्याकाळच्या नोंदींत सापडायच्या. म्हणजे दमलेल्या डोक्याने बसायचं, चुका करायच्या आणि त्या शोधायला पुन्हा बसायचं. साहेब याला निष्ठा म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू!

मग कॉम्प्युटर आला. ताळा चुटकीसरशी जुळायला लागला. वाटलं, आता पाचला घरी. कसलं काय! दोघीजणी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत, आणि महिन्याला द्यायचा तक्ता दर आठवड्याला मागायला लागले. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. २०३० आलंच की. आता तुमच्याकडे एआय आलंय. ते तुझे दिवसाचे दोन तास वाचवीलही, पण ते कुणाच्या खात्यावर जमा होणार, एवढं मी जुनी हिशेबनीस म्हणून विचारते.

कारण तास आपसूक कमी झालेले नाहीत. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवलं, तेव्हा आठ तासांचा दिवस त्यांच्या पदरात पडला. फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला, तीही नुसती माया नव्हती. मोकळा वेळ मिळालेला माणूस खरेदी करतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा सही करण्याआधी विचार, चार दिवस म्हणजे किती तास? आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांवर लोकांनी कमी तासांचा आठवडा करून पाहिला. आठवडा ४० तासांवरून ३५-३६ वर आला, पगार तेवढाच राहिला, आणि बहुतेक ठिकाणी काम अडलं नाही. त्यांनी बैठका छाटल्या, हे वाचून मला फार बरं वाटलं. बेल्जियमने २०२२ मध्ये चार दिवस मागायची मुभा दिली, पण तास पूर्वीइतकेच, ते चार दिवसांत कोंबायचे. तास कमी होणं वेगळं, कोंबणं वेगळं. साडेनऊ-दहा तासांच्या दिवसाचं शेवटचं पान कसं असतं, ते मी वर लिहिलंच आहे.

शुक्रवारी मेसेजला उत्तर द्यावं लागेल का, हेही विचारून घे. लाजू नकोस.

तुझी मावशी म्हणाली, "वॉर्डात कुठल्या बैठका छाटू?" खरंच आहे तिचं. तिला चार दिवस हवेत तर आणखी नर्स नेमायला हव्यात, आणि तो खर्च करायला कुणी तयार नाही. तुझी सोय झाली म्हणून तिची विसरू नकोस.

बाबा बरे आहेत. शुक्रवारी झोपा काढायच्या असतील तर खुशाल काढ. आणि मोकळी आहेस म्हणून त्या दिवशी मला फोन केलाच पाहिजे, असंही नाही.

तुझी,
आई