ग्लास वाजत नाही म्हणून

प्रिय गड्या,

रामराम. रात्रीचे अडीच वाजलेत. अंगणात बाज टाकून पडलो होतो, उठून ओसरीत आलो आणि तुला लिहायला घेतलं. परवा फोनवर तू म्हणालास, "सगळं निस्तरलं ना? मग आता मस्त आराम कर." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायला बसलो असतो तर तुझी गाडी चुकली असती.

तुझं म्हणणं खोटं नाही. बाबांना जाऊन तीन महिने होतील. हरभरा निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, सोसायटीचं कर्जही फिटलं. वावरात आता वखर फिरवण्यापलीकडे काम नाही. अशा वैशाखात माणसानं जेवावं आणि निंबाखाली ताणून द्यावी. मी देतोही. पण पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागते, काहीतरी राहून गेलं असं वाटतं आणि मी उठतो. मग गोठा झाड, झालेला हिशेब पुन्हा मांड. काल तर भरलेला हौद भरायला निघालो. बायको म्हणते, "आता कायले उठता जी? कोणी बोलावून राह्यलं का?"

कोणी बोलावत नाही, तेच तर दुखणं आहे.

लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हातात चमचा धरून ते उशाजवळचा स्टीलचा ग्लास वाजवायचे. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर कूस बदलायची. दोन वर्षं आमचं घर त्या ग्लासावर चाललं. तुला वाटेल, त्या आवाजानं माझी झोप मोडायची. नाही रे. आवाज आला की मला हायसं वाटायचं. धडकी भरायची ती बराच वेळ ग्लास वाजला नाही की. मग अंधारात उठून त्यांच्या छातीवर हात ठेवायचो, वरखाली होते का पाहायला.

जागलीचंही तसंच. हिवाळ्यात हरभऱ्यात रानडुकरं अन् रोही शिरतात, म्हणून एक दिवसाआड रात्री वावरातल्या माळ्यावर राखणीला जायचो. शेजारच्या वावरात डबा वाजत असला की डोळा लागायचा. डबा थांबला की खाडकन जाग. तिकडचा झोपला, आता डुकरं इकडं वळणार. त्यात ओलिताची लाइन रात्रीची. मोटरची घरघर बंद झाली की बॅटरी घेऊन बांधावरून पळ. दोन वर्षं माझं अंग एवढंच शिकलं, की सामसूम झाली म्हणजे उठायचं. आणि आता सगळे सांगतात, सामसूम झाली, झोप.

तेरवी आटोपली आणि मी तापानं पडलो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. तालुक्याचे डॉक्टर जुने आहेत, पेशंट कमी असले की गप्पा मारतात. त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्यांतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं. पहाटे ते चढावं आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी उतरावं, हा त्याचा नेम. ताण महिनोन्‌महिने चालला की तो नेम बिघडू शकतो. हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञानं १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग मांडले होते म्हणे. थंडी असो, इजा असो की औषधाचा मारा, शरीराची चाल एकच दिसली: आधी हादरा, मग तग, आणि ताण सरलाच नाही तर शेवटी थकवा.

मी म्हटलं, थकलो तर झोप यायला पाहिजे ना? ते हसले. म्हणाले, १९८३ मध्ये अमेरिकेत हाइड आणि बोर्कोव्हेक या दोघांनी कायम तणावात असणाऱ्या माणसांना अंग सैल सोडायला शिकवलं, तर कित्येकांची घालमेल उलट वाढली! ऐकून मला, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. आपल्याकडं दिवसा आडवं होणं म्हणजे लाजच. बाबा स्वतः विचारायचे, "दुखणाईत हायेस का?"

आणखी एक आहे, ते तुलाच सांगतो. बाबा गेले त्या सकाळी सगळ्यात आधी माझ्या मनात आलं, आज रात्री झोपायला मिळंल. रडू त्यानंतर आलं. पाठ टेकली की ते आठवतं.

तुला आठवते आपली खांदशेकणी? पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून आपण पळसाच्या पानानं शेकायचो आणि म्हणायचो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." वर्षभर जू ओढलेल्या बैलालाही कोणी एकदम पुरणपोळीसमोर उभं करत नाही. आधी खांदा, मग सण. माझं सध्या खांद्याचंच चाललंय. दुपारी झोपायचा हट्ट सोडला. निंबाखाली बसून दोर वळतो. हात चालू असले की मन जागल सोडून थोडं खाली उतरतं. रात्री श्वास सोडताना लांबवतो, त्यानं छातीची धडधड मंदावते, हे डॉक्टरांनीच शिकवलं. एका रात्री फारच झालं तेव्हा टेलिमानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी "आराम करा" म्हटलं नाही, ग्लासाचं सगळं ऐकून घेतलं.

बायकोनं तो ग्लास घरातल्या माळ्यावर टाकला होता. तिला वाटलं, डोळ्यांआड झाला की मी विसरेन. मागच्या आठवड्यात मी काढून आणला. काठावर चमच्याचे बारीक बारीक पोचे आहेत, बोटाला लागतात. आता रात्री पाणी भरून उशाशी ठेवतो. जाग आली की दोन घोट घेतो आणि ग्लास हळूच खाली टेकवतो. टक्क आवाज होतो. कधी कधी त्यानंतर झोप लागते.

आंबे पाडाला आले की ये. येताना कामं काढून येऊ नकोस, आणि मला आराम कर म्हणू नकोस. नुसता बाजेवर बस.

तुझा,
जागल्या