मावशी, भोपळ्याच्या मळ्यासाठी मनापासून आभार

मावशी,

तुमच्यासमोर आभार म्हटलं की तुम्ही हात झटकता आणि लगेच म्हशीचा नाहीतर पावसाचा विषय काढता, म्हणून शेवटी लिहूनच काढतेय, आणि सगळ्यांनी वाचावं असंच लिहितेय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तिला मी सांगून ठेवलंय.

गोव्यात पर्वरीच्या आमच्या सोसायटीमागच्या सामायिक बागेत यंदा तांबड्या भोपळ्याचा जो मळा झाला तो तुमच्यामुळे झाला. भोपळे आले त्याचा आनंद आहेच, पण त्याहून जास्त मला हे सांगायचंय की इतकी घरं मिळून एक मळा शेवटपर्यंत चालवू शकलो, एकमेकांशी बोलणं बंद न करता, आणि ते तुम्ही घडवून आणलंत. बी लावायला कोणीही शिकवलं असतं मावशी, पण हे दुसरं कोणी शिकवलं नसतं.

आमची जागा कशी आहे ते वाचणाऱ्यांना सांगते. पठारावरची, शेजारच्या सुकूर गावाच्या बाजूला उतरत जाणारी मोरड, म्हणजे उंचावरची, फक्त पावसावरची जमीन, वर वीतभर लाल माती आणि खाली सगळा जांभा. आपल्याकडे पाऊस पडतो ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्यातच, त्यामुळे अशा जमिनीत पाणी एकतर साचून राहतं नाहीतर माती घेऊन खाली जातं. उन्हाळ्यात भोपळ्याला आळं करतात, म्हणजे खड्डा, पण तुम्ही मे महिन्यात आलात आणि म्हणालात पावसाळी लावणीला खड्डा नको, ढीग करा. पालापाचोळा, कुजलेलं शेणखत, वर माती आणि चुलीची राख असे गुडघ्याएवढे ढीग, दोन ढिगांत चांगलं दोन-अडीच मीटर अंतर, आणि प्रत्येक ढिगावर तीन-चार बिया टोचायच्या नि नंतर त्यातली दोनच जोमदार रोपं ठेवायची. आपली जांभ्याची माती आंबट, तिला राख मानवते हे मला नंतर वाचून कळलं, तुम्ही ते आधीच करून घेतलं होतंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला तेव्हा खालच्या बाजूला पाण्याचं तळं झालं आणि आमची रोपं ढिगांवर कोरडी उभी होती.

मग ते लाल भुंगेरे. दोनच पानं फुटलेली असतात आणि हे नारिंगी किडे येऊन त्यांची चाळण करतात, एकदा वेल पळायला लागली की त्यांचं फार चालत नाही पण त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळं जाऊ शकतं. आमच्यातल्या एकांनी लगेच दुकानातून कसलं तरी जालीम औषध आणलं होतं, बाटली फोडायच्या बेतात होते. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत, फक्त विचारलंत की ह्या फुलांची भजी तुमची मुलं खाणार ना, आणि मधमाशा मेल्या तर फळ कोण धरवणार. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही तुमच्या चुलीची चाळलेली राख घेऊन आलात आणि पानं दवानं ओली असतानाच वरून भुरभुरवलीत. पाऊस पडला की राख धुऊन जाते, परत टाकायची, ते काम मुलांनी अंगावर घेतलं. बाटली परत गेली.

आता मुख्य गोष्ट.

भोपळ्याची वेल एका जागी बसत नाही. पाच-सहा मीटर सहज जाते आणि दर पेऱ्याला मुळं सोडते, म्हणजे जिथे टेकली तिथे घर करते. आमच्या बागेत प्रत्येक घराला छोटा छोटा वाफा दिलेला, कुणाची मिरची, कुणाचा मुळा, कुणाची सात शिरांची भेंडी. जुलै लागला आणि वेली सगळ्यांच्या वाफ्यात. एका सकाळी कुणीतरी दोन वेलींचे शेंडे विळ्यानं तोडलेले दिसले, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालं ते मी इथे लिहीत नाही, पण शेवटी असा मेसेज आला की भोपळा सगळाच उपटून टाकूया आणि त्याला बऱ्याच जणांनी अंगठा दिला. मला रात्री झोप नाही लागली. मुलांनी राख टाकून टाकून जगवलेल्या वेली होत्या त्या.

तुम्ही संध्याकाळी गवताचा भारा घेऊन वर येत होतात आणि आम्ही सगळे तिथे मोठ्या आवाजात बोलत होतो. भारा खाली ठेवून तुम्ही जांभ्याच्या कट्ट्यावर बसलात आणि कोण चूक कोण बरोबर हे विचारलंच नाहीत. विचारलंत काय, तर शेण कुणी आणलं, राखण कोण करतं, आणि त्या खालच्या उतारावर काय आहे. उतारावर काही नव्हतं, नुसता खडक आणि गवत. मग म्हणालात वेली तिकडे वळवा, त्यांना माती फक्त ढिगापाशी पाहिजे, पसरायला खडकसुद्धा चालतो.

आणि ती वळवायची कशी ते दाखवायला तुम्ही पुढचे कितीतरी दुपारचे तास आमच्यासाठी दिलेत. सकाळी वेल पाण्यानं भरलेली, ताठ असते, वाकवली की कट्कन मोडते. उघडीप असेल तेव्हा दुपारी ती जरा मऊ पडते, तेव्हा थोडीशी वळवायची, बेचक्याची काटकी रोवून धरायची, पेऱ्यावर ओंजळभर माती टाकायची आणि बाकीचं उद्या. एकदम नाही. मिरचीवाल्या वहिनी, ज्यांचा सगळ्यात जास्त विरोध होता, त्यांनीच सगळ्यात जास्त वेली वळवल्या, हे मी त्यांच्या परवानगीनं लिहितेय.

वाटणीचंही तुम्हीच बसवून दिलंत. तुम्ही सांगितलंत की तुमच्या लहानपणी कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या, मोरडीवर चार घरं मिळून पावसाळी भाजी करायची आणि राखण आळीपाळीनं असायची, ज्याची त्या दिवशी पाळी त्याला त्या दिवसाचे कोवळे शेंडे आणि जास्तीची नर फुलं, फळ मात्र सगळ्यांचं, वेल कुणाच्या बांधावर चढली तरी. आम्ही तसंच केलं. आणि खरं सांगते, भोपळ्यासारखं वाटून खायला सोयीचं दुसरं पीक नाही. आख्खा असला तर महिनोन्‌महिने टिकतो, एकदा कापला की दोन-चार दिवसांत संपवावा लागतो, आणि चार माणसांच्या घरात पाच किलोचा भोपळा कोण संपवणार. म्हणून एका वेळी एकच कापायचा आणि त्याच संध्याकाळी सगळ्या घरांत फोडी जायच्या. शेंडे खुडल्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावरच जास्त येतात, म्हणजे पाळी करणाऱ्याला भाजी मिळते आणि मळ्याचं नुकसान तर होत नाहीच, उलट फायदा. हे तुम्ही इतकं सहज बोलून गेलात, मला मात्र ते फार मोठं वाटलं मावशी, कारण आमच्या ग्रुपवरचा निम्मा वाद शेंडे कुणी तोडले ह्याच्यावरच होता.

फुलांचं तर मी विसरूच शकत नाही. आधी नुसतीच नर फुलं येत राहिली, लांब बारीक देठाची, लोक म्हणायला लागले वांझ वेल आहे. मग मादी फुलं आली, बुडाशी इवलासा भोपळा घेऊन, आणि ते इवले भोपळे पिवळे पडून गळायला लागले. तुम्ही एक गळलेलं हातात घेऊन म्हणालात ह्याला रोग नाही झालेला, ह्याच्याकडे माशी आलेली नाही. सततच्या पावसात मधमाशा बाहेर पडत नाहीत आणि पराग भिजून जातो, फूल तर पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, एवढ्या वेळात जे होईल ते होईल.

म्हणून संध्याकाळी आपण कळ्या शोधायचो. टोकाला पिवळी होऊन जरा सैल झालेली कळी दिसली की तुम्ही म्हणायचात "हें फाल्यां फुलतलें", म्हणजे हे उद्या फुलणार, आणि तिच्यावर केळीच्या पानाचा द्रोण उलटा बसवायचा, नरावरही आणि मादीवरही, म्हणजे रात्रीच्या पावसात ती कोरडी राहायची. सकाळी नऊच्या आत नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हातानं सगळीकडून फिरवायचा आणि द्रोण परत झाकायचा. एका नरात दोन माद्या होतात. तुम्ही डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन भर पावसात उतारावर वाकून हे दाखवत होतात आणि तुमच्याभोवती छत्र्या घेऊन आमची अख्खी बिल्डिंग. पहिल्या मजल्यावरचे भाई, रिटायर झाल्यापासून खाली न उतरलेले, ते रोज पहाटे यायला लागले, आणि त्यांचा हात इतका हलका की शेवटी मुलं त्यांच्याकडूनच शिकली. शाळेत नर फूल मादी फूल चित्रात शिकवतात, आमच्या पोरांनी ते बोटांनी केलं, बोटं पिवळी करून शाळेत गेली.

फळमाशीचं थोडक्यात सांगते, कारण इतरांना उपयोगी पडेल. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि आतून अळ्या फळ कुजवतात. तुम्ही जुन्या साड्यांच्या फडक्याच्या पिशव्या शिवून आणल्यात, फळ धरलं की लगेच घालायच्या, आणि पडलेलं सडकं फळ तिथे ठेवायचं नाही, कारण अळी मातीत जाऊन कोष करते, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायचं. ट्रॅपबद्दल मात्र तुम्हीच आम्हाला कृषी कार्यालयात विचारायला पाठवलंत. तिथे कळलं की आंब्याच्या माशीसाठी जो मिथाइल युजेनॉलचा ट्रॅप असतो तो वेलवर्गातल्या भाज्यांच्या फळमाशीला चालत नाही, तिला क्यू ल्यूर नावाचं आमिष लागतं आणि त्यात नर माश्या अडकतात. मी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही नीट ऐकून घेतलंत, दोनदा नाव म्हणून घेतलंत आणि आपल्या मळ्यातही एक टांगलात. तुमच्या वयाचं, इतकं माहीत असलेलं माणूस असं ऐकून घेतं, ते बघून मला तुमच्याबद्दल किती वाटलं ते कसं सांगू.

गुरं आणि मोर ह्यांचं काही करता आलं नाही. मोरांनी थोडी रोपं खाल्ली, खाऊ देत.

काढणीच्या वेळी सगळ्यांना घाई झाली होती, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली. तुम्ही थांबवलंत. देठ वाळून बुचासारखं झालं पाहिजे, नखानं साल दाबली तर नख रुतता कामा नये, आणि तोडताना चार बोटं देठ ठेवूनच तोडायचं, देठाला धरून उचलायचं नाही, देठ तुटला की तिथून कूज शिरते. खालून ओल लागू नये म्हणून प्रत्येक फळाखाली नारळाची सोडणं आधीपासूनच घातलेली होती तुम्ही. मग आठ-दहा दिवस शेडमध्ये फळीवर हवेशीर.

आणि चवथीला गणपती असलेल्या प्रत्येक घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीला, आमच्या मळ्यातला एकेक लहान भोपळा होता मावशी. आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घोस, कांगलां आणि त्यांच्यामध्ये तो. ज्यांच्याकडे गणपती नाही त्यांनी येऊन टांगायला मदत केली. खतखतं तर एकाच मोठ्या टोपात झालं, सूरण, कणगी, शेंगा, मक्याचं कणीस आणि आमचा भोपळा, भरपूर तिरफळं घालून, आणि मिरचीवाल्या वहिनींनी केलं ते. तुमच्या घरी डबा घेऊन आम्ही सगळे आलो तेव्हा तुम्ही परत तेच केलंत, हात झटकलेत आणि आधी आम्हालाच पाटोळ्या खायला बसवलंत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला पैसे द्यायचं ठरलं होतं आणि ते तुम्ही घेतले नाहीत, त्याचा मान ठेवतो आम्ही. पण दुसरा ठराव झालाय आणि त्याला नाही म्हणू नका. दसऱ्यानंतर जी हिवाळी लावणी होईल त्यातली उताराकडची ओळ तुमची. पाणी आणि राखण आमच्या पाळीत, फळ तुम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायचं, न्यायला गाडी आमच्यातलीच कुणाची तरी असेल, तिचीही पाळी लावलीय. हिवाळ्यात ढीग करायचे की आळी, आणि पाणी किती दिवसांनी द्यायचं, ते मात्र तुम्हालाच येऊन सांगावं लागेल.

बियाण्यासाठी तुम्ही ज्या दोन मादी फुलांना दोरा बांधून ठेवला होतात, दुसऱ्या कुठल्या वेलीचा पराग लागू नये म्हणून, त्यांचे भोपळे सगळ्यात शेवटी कापले. बिया धुऊन सावलीत वाळवल्या, राख लावून डब्यात भरल्या. त्यातल्या निम्म्या तुमच्या आहेत. शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन द्यायला येतेय, घरी असा.

तुमची,
वरच्या सोसायटीतली बाय, आणि मळ्याच्या पाळीतली सगळी घरं